सात नंबरच्या बसपुढची जागा

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की ही बाई स्वतःबद्दल गोड गोड सांगते. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर मी नऊ वर्षं काढली. काम काय, तर कुठली बस किती वाजता गेटमधून आत आली ते रोज नोंदवायचं, आणि उरलेला दिवस ती उशिरा का आली याची उत्तरं देत बसायचं. हिंजवडीचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रश्न पडत नाही. पण आमच्या वरच्या लोकांचे बंगले ऑफिसजवळच होते, त्यामुळे त्यांना तो रोज पडायचा.

बिबवेवाडीहून येणारी सात नंबरची बस सगळ्यात बदनाम. बाकीच्या बस कधी पाच मिनिटं उशिरा, कधी वीस, कधी चक्क वेळेत. सातची दहा-बारा मिनिटं ठरलेलीच. त्यात मी राहायला बिबवेवाडीत, म्हणजे त्याच बसने येणारी. उशिराची नोंद करणारी बाईच उशिरा उतरते म्हणून गेटवरचे सिक्युरिटीवाले गालात हसायचे, आणि ते मला अजिबात खपायचं नाही. या सगळ्याचं कारण एकच होतं, आमचे ड्रायव्हर काका.

काका तेव्हा अठ्ठावन्नचे असतील. मूळचे सासवडकडचे, राहायला बिबवेवाडीजवळच्या अप्परला. बुटके, रुंद बांध्याचे, केस तेल लावून चापून बसवलेले. मे महिन्यातसुद्धा अंगात तपकिरी हाफ स्वेटर. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, काका खडू ठेवायचे. मोबाइल जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून, झाकण लावून सीटखाली. फोन आला की डबा गुरगुरायचा. आम्ही ओरडायचो, "काका, फोन!" ते म्हणायचे, "वाजू द्या. त्याला काय पाय न्हाईत, पळून जायाला."

उशिराचं कारण मात्र डबा नव्हता, स्वेटर नव्हता. काका बसच्या पुढे जागा सोडायचे. आपण सोडतो तशी हातभर नव्हे. पुढच्या गाडीत आणि आमच्यात आणखी दोन बस मावतील एवढी. आता पुण्यात रस्त्यावर रिकामी जागा दिसली की तिचं काय होतं, हे काय मी सांगायला हवं? एक रिक्षा घुसायची. मग एक कार. मग सात-आठ दुचाक्या. जागा भरली की काका पायाचा जोर कमी करून पुन्हा मागे पडायचे, पुन्हा तेवढीच जागा. पुन्हा रिक्षा. वारज्यापासून वाकडपर्यंत हाच खेळ. आत बसलेली चाळीस माणसं खिडकीतून बघत चडफडत असायची.

"अहो काका, रिक्षा घुसली!"

"घुसू द्या. तिला बी घर हाय."

हॉर्न वाजवायचे नाहीत. कोणी सांगितलं तर म्हणायचे, "हॉर्न दाबून गाडी थांबती का? मग कशाला दाबू?" पुणेरी माणसाला गप्प करायला सासवडचा माणूस लागतो, हे मला तेव्हा कळलं.

ही जागा सोडायची सवय त्यांच्या अंगातच भिनली होती. कॅन्टीनमध्ये ड्रायव्हर लोकांची जेवणाची रांग असायची, तिथेही काका पुढच्या माणसापासून दोन पावलं मागे उभे राहायचे. लोकांना वाटायचं रांग इथे संपली, म्हणून ते मधे येऊन उभे. काका पुन्हा दोन पावलं मागे. शेवटी भाजी संपायची आणि ते वरण-भात खाऊन उठायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, तुम्ही काय इथे ताटाला धडकणार आहात का?" ते म्हणाले, "सवय एका जागी मोडली की दुसऱ्या जागी बी मोडती, ताई." आणि ताक पिऊन गेले.

वजनाचाही त्यांना असाच नाद. सकाळी शेवटच्या थांब्यावर सगळे चढले की आरशातून एक नजर टाकायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "आज हलकी हाय." किंवा, "आज भरली." शुक्रवारी निम्मे लोक घरून काम करायचे, त्या दिवशी काका जरा कमी जागा सोडायचे, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी एका टीम लीडला सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, दोन किलो वाढले जणू. मागच्या सीटवर बसा, पुढं वजन झालंय." त्या टीम लीडला ते फार लागलं. त्याच्या बायकोनेही तेच सांगितलं असणार.

हा टीम लीड म्हणजे बस सातच्या वॉट्सॲप ग्रुपचा स्वयंघोषित अध्यक्ष. रोज सकाळी नकाशाचा फोटो टाकायचा, 'आता आपण इथे असायला हवं होतं' म्हणून. त्याने आमच्या ॲडमिनच्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं. मी तिथेच होते.

"काका, गाडीचे ब्रेक चांगले आहेत ना? मग इतकी जागा कशाला लागते?"

"ब्रेक चांगलेच हायती साहेब. शनवारी या मागच्या मैदानात, दावतो."

शनिवारी कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तो शनिवार नेमका कामाचा निघाला आणि तमाशा फुकटचा होता, सगळे आले. काकांनी खडूने जमिनीवर एक आडवी रेघ मारली. म्हणाले, मी तिकडनं तीसच्या स्पीडनं येणार आणि या रेघेवर ब्रेकवर पाय ठेवणार. साहेब, गाडी जिथं थांबल असं तुम्हाला वाटतंय, तिथं तुमची ब्याग ठेवा. साहेबांनी जरा विचार करून रेघेपासून बऱ्याच पुढे आपली लॅपटॉपची बॅग ठेवली. काकांनी ती उचलून थोडी बाजूला सरकवली, चाकांच्या मधोमध येईल अशी. आधी रिकामी बस आणली. बॅगेच्या बरीच अलीकडे थांबली. साहेबांनी 'मग, काय म्हणत होतो मी?' अशा नजरेने आमच्याकडे बघितलं.

मग काका म्हणाले, "आता सगळे बसा आत." आम्ही चाळीसजण बसलो. मी पुढेच होते, म्हणून मला नीट दिसलं. काकांचा पाय बरोबर रेघेवर पडला. फुस्स असा हवेचा आवाज झाला. आणि बस चालतच राहिली. क्षणभर ब्रेक लागलाच नाही असं वाटलं, मग लागला, आम्ही सगळे पुढच्या सीटवर आदळलो, आणि साहेबांची बॅग बसच्या पोटाखाली दिसेनाशी झाली.

उतरल्यावर काकांनी पावलं मोजली. ही एवढी रिकाम्या गाडीला, ही एवढी भरल्या गाडीला. "कार म्हंजे शेळी," ते म्हणाले, "कासरा वढला की थांबली. ही म्हैस. पळाया लागली की कितीबी 'हो हो' म्हना, आणिक चार ढांगा टाकणारच. आन ह्यात तेल न्हाई, हवा हाय. पाय पडला की हवा पाइपातनं मागच्या चाकापतुर जाती, मग ब्रेक धरतो. तवर गाडी मोकळीच. आन हे तीसचं हाय बरं का. साठला दुप्पट जागा लागंल असं वाटतंय ना? चौपट लागती."

साहेब वाकून बसखालून बॅग ओढत होते. धूळ झटकत म्हणाले, "पण बॅग वाचली की नाही?"

"ब्याग चाकाच्या मधी ठेवली म्हणून वाचली. माणूस मधी ठेवता येत न्हाई."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. बॅगेवर ग्रीसचा एक मोठा डाग पडला होता, तो त्यांना पुढचे सहा महिने दिसत राहिला.

मी पुढच्या एकट्या सीटवर बसायची, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यामुळे चाळीस लोकांचा संताप माझ्या मार्फत काकांपर्यंत पोचायचा. एके दिवशी वाकडच्या पुलाजवळ पाऊण तास जाम लागला. सगळे कानात इअरफोनची बोंडं घालून झोपले होते. मला मात्र साहेबांचे तीन फोन येऊन गेले होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, एकदा खरं सांगा. तुमच्या आधीचे ड्रायव्हरही माणसंच होते. ते कुठे धडकले नाहीत. तुम्हीच का सोडता एवढी जागा?"

त्यांनी इंजिन बंद केलं. समोर बघतच बोलले. मी ते जसं ऐकलं तसं सांगते.

"पंचविशीत ट्रक चालवायचो, ताई. दहा चाकी. साताऱ्याकडनं साखरंची पोती घिऊन पुण्याला. घाटातनं उतरताना गाडी न्यूट्रल करायची. सगळेच करायचे. उतारावर इंजिन कशाला जाळायचं? वाचलं तेवढं डिझेल ड्रायव्हरचं. मालकाला म्हाईत असायचं, मालक काय बोलायचा न्हाई. पन गिअरमधी असली तर इंजिनच गाडीला मागं वढून धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. मी दाबतोय, सोडतोय, दाबतोय. वास याया लागला. मला वाटलं म्होरच्या गाडीचा हाय. उतार संपत आला आन पाय दाबला तर ब्रेक धरंनाच. खाली एक दूधवाला हुता. मोपेडवर, दोन बाजूला दोन किटल्या. मी त्याला लांबनं बघितला. लई लांबनं. बघायला टाइम हुता, ताई. थांबायला न्हवता."

मी हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"कागदावर लिवलं ब्रेक फेल. कोर्टात बी ब्रेक फेल. मला सोडलं. ब्रेक फेल न्हवते. तापले हुते. तापवले मी." मग म्हणाले, "आठ दिसांनी परत गेलो तिथं. तो कुठं हुता आन माझा ट्रक कुठं थांबला, ते पावलांनी मोजलं. एकवीस पावलं. मला एकवीस पावलं कमी पडली."

मी विचारलं, मग गाडी चालवायचं का सोडलं नाही?

"सोडली असती तर तेवढंच माझ्या नावावर राहिलं असतं. साठ पुरी हुईस्तवर चालवणार. एकदा कमी पडलो, परत पडायचं न्हाई. साठ झाली की चावी टेबलावर ठिवून घरी." एवढं बोलून त्यांनी इंजिन चालू केलं. पुढची गाडी हलली होती. ती पुरेशी पुढे जाईपर्यंत ते थांबले. मागचे हॉर्न कोकलत होते.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "देवमाणूस दिसतो गं." दुसऱ्या दिवशी बस पुन्हा बारा मिनिटं उशिरा आली, साहेबांनी पुन्हा झापलं, आणि माझी दया गेटपाशीच उतरून गेली. माणूस असाच असतो, निदान मी तरी अशीच आहे.

दोन महिन्यांनी बसच्या कंत्राटाचं नूतनीकरण आलं. साहेब म्हणाले, सात नंबरचा ड्रायव्हर बदलून मागा, कंत्राटदाराला पत्र लिहा. पत्र मी लिहिलं. फार छान लिहिलं. शाळेत निबंधाला बक्षीस मिळायचं मला. 'वारंवार होणारा उशीर', 'प्रवाशांच्या सूचनांकडे दुर्लक्ष', आणि 'पुढील वाहनापासून विनाकारण अवाजवी अंतर ठेवणे'. विनाकारण. कारण मला माहीत होतं. सबंध कंपनीत ते फक्त मलाच माहीत होतं. तरी लिहिलं, खाली सही केली, आणि डबा खायला गेले. काकांची साठी पुरी व्हायला तेव्हा एक वर्ष उरलं होतं, हेही मला माहीत होतं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आम्हाला बिबवेवाडीत सोडलं. कोणी हार आणला नव्हता, निरोपाचं भाषण नव्हतं. काकांनी सीटखालचा डबा काढला, स्वेटर झटकला. "येतो ताई," म्हणाले. त्यांना काढतायत एवढं कळलं होतं, पत्र कोणी लिहिलं ते कळलं नसावं असं मी धरून चालले. चालतानासुद्धा ते कोपरा यायच्या खूप आधीपासून सावकाश व्हायचे. तसेच सावकाश होत गेले आणि वळले.

नवीन ड्रायव्हर तरुण होता. बस रिक्षासारखी काढायचा. पहिल्याच दिवशी आम्ही पाच मिनिटं लवकर पोचलो. टीम लीडने ग्रुपवर टाळ्यांची चित्रं टाकली, साहेबांनी माझं कौतुक केलं. मी नोंदवहीत 'वेळेत' असं लिहिलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. फक्त त्या पुढच्या सीटवर बसलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पुढच्या ट्रकचं मागचं फळकूट तोंडाशी यायचं. आठवडाभराने मी मागे जाऊन बसायला लागले.

पुढच्या वर्षी मी एक छोटी कार घेतली. चालवायला लागले तेव्हा कळलं की दोन-तीन वर्षं त्या सीटवर बसून माझा पाय बिघडलाय. मला पुढच्या गाडीला चिकटवताच येईना. जागा सुटायची. लोक घुसायचे, आणि मी, जी रांगेत कोणी मधे आलं तर त्याची सात पिढ्यांसकट पूजा बांधणारी, मी घुसू द्यायची.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. साताऱ्याला मावसबहिणीचा साखरपुडा होता. तो आटपून आई आणि मी रविवारी दुपारी परत येत होतो. नवा बोगदा ओलांडला की पुण्याकडे तो लांबलचक उतार लागतो, नवले पुलापर्यंत. आई शेजारी बसून माझ्या ड्रायव्हिंगवर प्रवचन देत होती.

"अगं, पुढे घे की! तो बघ, पुन्हा एक घुसला."

"घुसू दे. त्यालाही घर आहे."

"हे काय बोलणं झालं?"

उतार संपत आला आणि पुढे सगळे लाल दिवे लागले. कामामुळे तिथे रस्ता एकाच रांगेचा उरला होता, गाड्या थांबल्या. मीही थांबले, माझ्या पुढे नेहमीसारखी चांगली ऐसपैस जागा. तिच्या पलीकडे एक पांढरी गाडी, मागच्या काचेला नाक लावून एक लहान मुलगी बसलेली. मी आरशात बघितलं. हेही काकांकडूनच आलेलं, थांबल्यावर आधी आरसा. मागे एक ट्रेलर होता. भर दुपारी दिवे लावलेले, आणि हॉर्न. सारखा, न थांबता. काका म्हणायचे ना, हॉर्न दाबून गाडी थांबत नाही. ज्याला थांबता येत नाही तोच असा हॉर्न दाबतो, एवढं माझ्या डोक्यात आलं.

मी चाक डावीकडे मारलं आणि त्या रिकाम्या जागेतून तिरकी गाडी कडेच्या मातीत घातली. पुढच्या गाडीला चिकटून उभी असते तर वळायला वावच नव्हता. जागा होती म्हणून निघाले. आई किंचाळली. ट्रेलर आमच्या उजव्या बाजूने गेला, दुभाजकाला घासत, लोखंड कापल्यासारखा आवाज करत. आम्ही जिथे उभ्या होतो तिथे तो थांबला नाही. तिथून पुढे गेला. मी सोडलेली सगळी जागा त्याने खाल्ली, आणि मग थांबला.

सगळीकडे जळका वास होता. आई रामरक्षा म्हणत होती, मधल्या ओळी विसरून. मी उतरले. लोक धावत आले, कोणी फोन काढून शूटिंग करत होतं. मी त्या ट्रेलरच्या तोंडापाशी गेले आणि तिथून पांढऱ्या गाडीपर्यंत पावलं टाकली. का, ते मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ती मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती. तिच्या बापाला काय झालं ते अजून कळलंच नव्हतं, तो मला म्हणाला, "काय हो मॅडम, काय मोजताय?"

ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला. पंचविशीचा असेल. चाकांतून धूर येत होता. मी त्याला विचारलं, "न्यूट्रलमध्ये होती ना?" तो नुसता खाली बघत होता. एरवी मी त्याला रस्त्यावरच उभा-आडवा घेतला असता. पण त्याला गाडीतली पाण्याची बाटली दिली आणि आईजवळ जाऊन बसले.

काका कुठे आहेत हे शोधायला फार वेळ लागला नाही. मी ट्रान्सपोर्ट डेस्कवरची बाई आहे. कंत्राटदाराने त्यांना ड्रायव्हर म्हणून कुठेच पाठवलं नव्हतं, विश्रांतवाडीला बस उभ्या करायची त्याची जागा आहे, तिथे गेटवर बसवलं होतं. पुढच्या रविवारी मी गेले. काका खुर्चीवर बसले होते. तेच स्वेटर. समोर पंधरा-वीस बस ओळीने उभ्या, आणि प्रत्येक दोन बसच्या मधे जमिनीवर खडूची रेघ. उभ्या बससुद्धा त्यांनी जागा सोडून लावायला लावल्या होत्या.

"या ताई. उन्हातनं आलाय, बसा."

वाटेत मी खूप तयारी केली होती. ती सगळी गेली. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काका, ते पत्र मी लिहिलं होतं."

"म्हाईत हाय."

"त्यात मी 'विनाकारण' असं…"

"वाचलं. झेरॉक्स दिली हुती कंत्राटदारानं." मग म्हणाले, "सही झ्याक हाय तुमची."

मला रडू फुटलं. तुमचं एक वर्ष मी खाल्लं, म्हटलं. तुम्हाला साठीपर्यंत चालवायची होती, मला माहीत होतं, तरी खाल्लं. काकांनी माठातलं पाणी दिलं. "राग न्हवता आला असं न्हाई," ते म्हणाले. "लई आला. चार महिने तुमच्या बसच्या टायमाला उठून बसायचो. मग गेला. आता डोळ्याला बी कमी दिसतंय. पानी प्या."

पाणी प्यायले आणि त्या उताराची सगळी गोष्ट सांगितली. आईची रामरक्षा, तो धूर, ती काचेला नाक लावलेली मुलगी. काका मधेमधे फक्त कामाचं विचारत होते. न्यूट्रल होता का? हो, बहुतेक. माल काय होता? लोखंडी पत्र्याची भेंडोळी. डावीकडं माती होती का डांबर? माती. मग त्यांनी विचारलं, "थांबल्यावर म्होरच्या गाडीपतुर किती पावलं उरली?"

मी मोजली असणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"दोन."

"माझी का तुमची?"

"माझी."

ते खुर्चीतून उठले. खिशातून खडू काढला आणि समोरच्या पहिल्या बसपाशी गेले. तिच्या बंपरला टाच लावून त्यांनी दोन पावलं टाकली, त्यांच्या नेहमीच्या ढांगेपेक्षा लहान, माझ्याएवढी. तिथे वाकून रेघ मारली. मग त्या रेघेच्या आत, बसकडे तोंड करून उभे राहिले. एक हात बंपरवर ठेवला.

मग म्हणाले, "पुरतात."